चोवीस स्क्रीनचा किल्ला : लेव्हल एडिटर निवडतानाच्या नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

खेळाचं नाव पक्कं केलं: ‘चोरदरवाजा’. यंत्र ४८के झेडएक्स स्पेक्ट्रम, ऐंशीच्या दशकातला ४८ किलोबाइट मेमरीचा घरगुती संगणक. एक हेर, एक किल्ला, एक रात्र. कड्याच्या बाजूने आत शिरायचं, पहारे चुकवत धान्यकोठाराच्या चार चाव्या गोळा करायच्या आणि उजाडायच्या आत चोरदरवाज्याने बाहेर पडायचं.

इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम, गेल्या महिन्यात उभं राहिलं. हेर चालतो, उडी मारतो, भिंतीला अडतो, आणि स्क्रीनच्या कडेला पोचला की पुढची स्क्रीन एकदम समोर येते. पण आतापर्यंत स्क्रीन एकच आहे. ती मी असेंब्लीच्या फाइलमध्ये एकेक आकडा हाताने टाकून केली. त्यात पाऊण तास गेला, आणि चालवून बघितली तर जिन्याची एक पायरी हवेत तरंगत होती. अशा चोवीस स्क्रीन करायच्या तर वर्ष जाईल. लेव्हल एडिटर हवा, म्हणजे आकडे न टाकता चित्रासारख्या स्क्रीन रचायचं साधन.

एडिटर शोधण्याआधी यंत्राला काय द्यायचं आहे ते इथे मांडून ठेवते. स्पेक्ट्रमची स्क्रीन २५६ × १९२ पिक्सेलची, म्हणजे ८ × ८ च्या ३२ × २४ चौकटी. मी टाइल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा चित्राचा तुकडा, धरते १६ × १६ ची. अशा १६ टाइल आडव्या आणि १२ उभ्या बसतात. खालच्या दोन रांगा चाव्या आणि वेळ दाखवायला गेल्या, उरल्या १० रांगा. एका स्क्रीनला १६० टाइल. प्रत्येकीला एक बाइट दिला तर १६० बाइट, आणि चोवीस स्क्रीनना ३८४०. एक टाइल म्हणजे चित्राचे ३२ बाइट आणि रंगाचे ४, एकूण ३६.

वेगवान मेमरी ३२७६८ या पत्त्यापासून वर आहे. त्याखालच्या १६के मेमरीतून स्क्रीनचं चित्र वाचलं जात असताना तिथे प्रोसेसरला थांबावं लागतं. म्हणून इंजिन, स्प्राइट (हलती चित्रं) आणि नकाशा हे सगळं वरच्या ३२७६८ बाइटमध्ये बसवायचं आहे. ३८४० हा आकडा मोठा नाही, पण लहानही नाही.

रविवार, ९ जून

काकांकडे गेले होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला, डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने. काकांनी तेव्हा तो घेतला होता. यंत्र केव्हाच दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं, पण वही राहिली आहे. गणिताची चौकटींची वही, शाळेत वापरतो तीच.

तिच्या प्रत्येक पानावर ८ × ८ च्या चौकटी आखलेल्या. वर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे मथळे. काळ्या केलेल्या चौकटींची बेरीज उजवीकडे, आणि खाली बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतली डेटा ओळ. बेसिकमध्ये स्वतःची अक्षरं घडवता येतात, ए पासून यू पर्यंत २१. ती ६५३६८ पासून मेमरीच्या अगदी शेवटापर्यंतच्या १६८ बाइटमध्ये राहतात. काकांनी त्यात विहीर, रहाट, आंब्याचं झाड आणि एक मांजर केलं होतं. मांजराच्या शेपटीची बेरीज दोनदा खोडून पुन्हा लिहिली आहे.

“तेव्हा एडिटर म्हणजे हीच वही,” काका म्हणाले. “बेरीज चुकली की मांजर तुटायचं. मग शोधायचं, कुठे तुटलं.”

वही मागून आणली आहे. पहिल्या सहा स्क्रीनचे कच्चे आराखडे मी हिच्यातच करणार. कागदावर जागेचा विचार होतो. संगणकावर बसलं की हात लगेच सजावटीकडे वळतो.

शनिवार, १५ जून

जुन्या लोकांनी हे कसं बसवलं ते बघण्यात आठवडा गेला. वेळ सत्कारणी लागला.

मॅथ्यू स्मिथ यांचा ‘मॅनिक मायनर’ १९८३ चा. त्यात २० गुहा आहेत आणि प्रत्येक गुहेला १०२४ बाइट. त्यातले पहिले ५१२ बाइट म्हणजे गुहेच्या ३२ × १६ चौकटींचे रंग, एका चौकटीला एक. गंमत अशी की रंगाचा तो बाइटच टाइलची ओळखही आहे. अमुक रंग दिसला की जमीन, तमुक दिसला की भिंत. वीस गुहांचे वीस हजारांवर बाइट होतात.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्यांनी ‘जेट सेट विली’ केला. त्यात साठ खोल्या. मॅनिक मायनरच्या पद्धतीने त्या मावल्याच नसत्या. मग एका खोलीला २५६ बाइट, आणि आराखड्याला त्यातले फक्त १२८. चौकटीला दोनच बिट (आठ बिटांचा एक बाइट). दोन बिटमध्ये चार गोष्टी मावतात: मोकळी जागा, जमीन, भिंत, जिवावर बेतणारी वस्तू. जिना आणि सरकता पट्टा त्यात नाहीत. ते कुठून सुरू होतात आणि किती लांब आहेत एवढंच वेगळं लिहिलेलं आहे. एक जिना म्हणजे जागा, दिशा आणि लांबी. हे मला फार आवडलं.

त्याच खेळात एक धडाही आहे. माळ्यावरच्या खोलीतल्या एका बाणाचा मार्ग चुकीचा लिहिला गेला. बाण स्क्रीनच्या मेमरीबाहेर जाई आणि तिथला खेळाचा डेटा पुसून टाकी. त्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की दुसऱ्या खोल्या बिघडत. यंत्र तक्रार करत नाही, सांगितलं तिथे लिहून मोकळं होतं. तेव्हा मला हवा असलेला एडिटर, किंवा त्याच्या मागून चालणारी माझी स्क्रिप्ट, असा आकडा यंत्रापर्यंत पोचूच देणार नाही.

बुधवार, १९ जून

उमेदवारांवर एक नजर टाकली.

जोनाथन कॉल्डवेल यांचा आर्केड गेम डिझायनर: मूळ आवृत्ती स्पेक्ट्रमवरच चालते. ज्या यंत्रावर खेळायचं त्याच यंत्रावर, त्याच रंगांत खोली रचायची. पण त्यात इंजिनही त्याचंच. माझं इंजिन तयार आहे आणि ते मला सोडायचं नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी हाच सुचवेन.

मॅपी: विंडोजवरचा जुना, सुटसुटीत एडिटर. मोहोन ट्विन्स या स्पॅनिश मंडळींचं एमके१ इंजिन वापरणारे कितीतरी जण यातच नकाशे करत आले आहेत. त्यांची स्क्रीन १५ × १० टाइलची. सोळाच टाइल वापरल्या तर एका बाइटमध्ये दोन बसवायच्या, म्हणजे स्क्रीनला ७५ बाइट. त्यांची एक सवय मी उचलणार आहे: स्क्रीन वेगवेगळ्या न करता सगळा नकाशा एकसंध काढायचा आणि तुकडे नंतर स्क्रिप्टने पाडायचे. मॅपी स्वतः मात्र नको. माझं सगळं काम लिनक्सवर चालतं.

स्वतःचा एडिटर लिहिणे: मोह होतो. दोन महिने जातील आणि किल्ला राहील बाजूला. नाही.

उरले दोन: टाइल्ड आणि एलडीटीके. दोन्हींत एकच भाग करून बघायचा, तटबंदीच्या दोन लगतच्या स्क्रीन.

रविवार, २३ जून

टाइल्ड. बसवायला पाच मिनिटं, शिकायला अर्धा तास. टाइलचं चित्र दिलं, ९६ × ४० चा नकाशा उघडला (सहा स्क्रीन आडव्या, चार उभ्या), आणि वहीतली तटबंदी उतरवून काढली. मोठ्या नकाशात स्क्रीनच्या सीमा कळाव्यात म्हणून एका वेगळ्या थरात चोवीस आयत आखून तो थर कुलूपबंद केला.

फाइल उघडून वाचता येते हे मला मोठं सुख वाटतं. टाइल्डची टीएमएक्स फाइल म्हणजे साधा मजकूर, आत आकड्यांच्या ओळी. वीस ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली, आकडे घेतले, बाइट केले, स्पेक्ट्रमवर चढवले.

स्क्रीनवर किल्ला आला, पण भलताच. भिंतींच्या जागी जिने, जिन्यांच्या जागी मशाली. प्रत्येक टाइल एका घराने पुढे सरकलेली. कारण सापडायला चहाचे दोन कप लागले. टीएमएक्स फाइलमध्ये ० म्हणजे ‘इथे काही नाही’, आणि पहिली टाइल १ पासून मोजतात. माझ्या इंजिनात ० हीच पहिली टाइल. टाइल्डमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची) फाइल काढली तर त्यात पुन्हा वेगळं: रिकामी जागा -१ आणि पहिली टाइल ०. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. मीच न वाचता धरून चालले होते. एक वजा केला आणि किल्ला जागेवर आला.

शनिवार, २९ जून

एलडीटीके. हा सेबास्तियाँ बेनार यांनी केला. ‘डेड सेल्स’ या खेळाच्या दिग्दर्शनात त्यांचा हात होता. वापरताना कळतं की हे साधन खेळ करणाऱ्याच्या हातून आलं आहे.

यात टाइल लावण्याआधी अर्थ लावायचा. एका थरात नुसते आकडे रंगवायचे: १ म्हणजे भिंत, २ म्हणजे शिडी, ३ म्हणजे पाणी. मग नियम लिहायचे. भिंतीच्या वर मोकळं असेल तर गवताची कड लावायची, दोन्ही बाजूंनी भिंत असेल तर आतला दगड. नियम झाले की नुसतं १ चं ठिगळ फिरवायचं आणि तटबंदी आपोआप उभी राहते, कडा-कोपऱ्यांसकट. पाहताना हरखून गेले.

आणि मग जेट सेट विलीचे दोन बिट आठवले. हे नियम स्पेक्ट्रमवरच चालवले तर? नकाशात फक्त अर्थ साठवायचा, चौकटीला दोन बिट, स्क्रीनला ४० बाइट, आणि कुठला दगड लावायचा ते यंत्राने शेजारची चौकट बघून ठरवायचं. चोवीस स्क्रीन ९६० बाइटमध्ये! रात्री दीडपर्यंत या विचारात बसले होते.

सकाळी पुन्हा बघितलं. नियमांना खरा रंग चढतो तो टाइल भरपूर असल्यावर: वरची कड, खालची कड, चारही कोपरे, आतले चार-पाच दगड. माझ्याकडे प्रत्येक टाइलचे ३६ बाइट मोजून द्यायचे आहेत. शिवाय आपल्या किल्ल्यांचा दगड एकसारखा नसतो. एक बुरूज नीट घडवलेल्या चिऱ्यांचा, त्याला लागूनच डागडुजीत घातलेले ओबडधोबड धोंडे, मध्येच उंबराने फोडलेली भेग. ती भेग कुठे असावी हे मला हाताने ठरवायचं आहे. तिच्यातूनच हेर वर चढणार आहे.

निर्णय अजून नाही. पहारेकऱ्याला गस्तीचे बिंदू देण्याची एलडीटीकेची सोय मात्र मनात घर करून आहे.

रविवार, ७ जुलै

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा.

स्पेक्ट्रमवर प्रत्येक ८ × ८ चौकटीला दोनच रंग, एक इंक (शाई, म्हणजे चित्राचा रंग) आणि एक पेपर (मागचा रंग). हेर पांढरा काढला तरी तो ज्या चौकटीत उभा आहे तिथल्या इंकचा रंग त्याला चढतो. कारण मी त्याचे फक्त पिक्सेल लिहिते, चौकटीचा रंग बदलत नाही. बहुतेक जण याला अडचण मानतात, मीही मानत होते.

आज टाइल्डमधून उतरवलेल्या स्क्रीनवर हेर चालवत होते. मशालीजवळच्या एका रिकाम्या टाइलचा रंग चुकून ७० राहिला होता, म्हणजे काळा पेपर, झगझगीत पिवळी इंक. रिकामी टाइल काळीच दिसते, म्हणून चूक डोळ्यांना कळली नव्हती. हेर तिथे पोचला आणि पिवळा झाला. एक पाऊल पुढे, पुन्हा पांढरा.

मशालीचा उजेड पडला होता त्याच्यावर.

मी तो सहा-सात वेळा मागे-पुढे चालवला. रिकाम्या जागेलाही शाई असते, फक्त ती दिसायला कुणीतरी तिथे यावं लागतं. म्हणजे मला किल्ल्यात उजेड रंगवता येईल. मशालीभोवती पिवळा, माचीवर मंद निळसर चांदणं, तळघरात जांभळा. आणि फक्त दिसण्यापुरतं कशाला? हेराच्या पायाखालच्या चौकटीचा रंग मेमरीत वाचता येतो: पत्ता २२५२८, अधिक रांग गुणिले ३२, अधिक रकाना. तिथली इंक ६ असेल तर तो उजेडात आहे, पहारेकऱ्याला दिसतो. नसेल तर अंधारात आहे. वेगळी माहिती साठवायला नको. जो रंग खेळणाऱ्याला दिसतो तोच नियम.

आता एडिटरकडून काय हवं ते नेमकं कळलं. स्पेक्ट्रम जे लपवतो ते एडिटरने मला दाखवायला हवं. काळ्या जागेतली शाई.

टाइल्डमध्ये दुसरा थर केला, नाव ‘शाई’. त्यात चार सपाट टाइल: पांढरी, पिवळी, निळसर, जांभळी. थराची अपारदर्शकता निम्म्यावर आणली. खाली दगड, वर उजेड. स्क्रिप्ट दोन्ही थर वाचते. जिथे दगड नाही तिथे शाईप्रमाणे चारपैकी एक रिकामी टाइल घालते. यंत्रात चौकटीला एकच आकडा जातो.

मशालीच्या उजेडाचं वर्तुळ रंगवताना ब्रश एका स्क्रीनमधून शेजारच्या स्क्रीनमध्ये सहज गेला. हेच हवं होतं. एलडीटीकेमध्येही थर आहेत, पण तिथे प्रत्येक स्क्रीन स्वतंत्र लेव्हल करून जोडायची रीत आहे, आणि तीच त्याची ताकद. माझा किल्ला मात्र एकच जागा आहे. दोन स्क्रीनवर पसरलेला बुरूज मला एका हाताने काढायचा आहे. टाइल्ड.

शनिवार, १३ जुलै

भाची सुट्टीच्या दिवशी राहायला आली. सातवीत आहे. वहीतला तटबंदीचा कागद पाहून म्हणाली, “मावशी, यातली एक खोली मी करू?” सातवी स्क्रीन तिला दिली.

दीड तास मान वर केली नाही. स्क्रीन सुंदर झाली. पाण्याच्या टाक्यात उतरणाऱ्या पायऱ्या तिने दोन्ही बाजूंनी काढल्या होत्या, मला सुचलंच नसतं. स्पेक्ट्रमवर चढवली तर डावीकडच्या पायऱ्या ठीक आणि उजवीकडच्या उलट्या, भिंतीकडे तोंड करून.

“पण मी त्या वळवल्या होत्या,” ती म्हणाली. आणि तिचं बरोबर होतं. टाइल्डमध्ये टाइल हातात धरून एक्स दाबलं की ती आडवी उलटते. तिने ते आपसूक शोधून काढलं. फाइलमध्ये त्या जागी ८ च्या ऐवजी २१४७४८३६५६ होतं. टाइलच्या आकड्याचा सगळ्यात वरचा बिट ‘आडवं उलटवा’ असं सांगतो, आणि माझी स्क्रिप्ट शेवटचा एक बाइट ठेवून बाकी सगळं टाकून देत होती. वळण हरवलं, टाइल उरली.

स्पेक्ट्रमवर टाइल उलटवता येते. प्रत्येक बाइटचे बिट फिरवायचे, किंवा त्यासाठी २५६ बाइटचा तक्ता ठेवायचा. उलटवायच्या टाइल मोजल्या: पायरी, कमानीचा अर्धा भाग आणि उंबराची फांदी. तीन टाइलचे १०८ बाइट. तक्त्यापेक्षा स्वस्त. त्या तीन वेगळ्या काढून संचात घातल्या. आणि स्क्रिप्टला सांगितलं की उलटवलेली टाइल दिसली तर थांब आणि जागा सांग. आता ती मराठीत सांगते: “स्क्रीन ७, रांग ४, रकाना ११: टाइल उलटवलेली आहे. संचातली वेगळी टाइल घ्या.”

भाचीला हे वाक्य समजतं. मोठा आकडा तिला समजला नसता आणि समजायची गरजही नाही.

गुरुवार, १८ जुलै

पहारेकरी. टाइल्डमध्ये वस्तूंचा वेगळा थर असतो. तिथे पहारेकऱ्याचं चित्र ठेवलं की नकाशात तो दिसतो. ठेवले, उतरवले, आणि सगळे पहारेकरी गुडघ्यापर्यंत नव्हे, डोक्यापर्यंत जमिनीत. १६ पिक्सेल खाली. टाइलचं चित्र असलेल्या वस्तूची जागा डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून मोजतात, साध्या आयताची डाव्या-वरच्या.

उंची वजा करून भागलं असतं. पण विचार केल्यावर आयतच बरा वाटला. पहारेकरी म्हणजे त्याची गस्त. आयताची डावी कड ते उजवी कड एवढा त्याचा रस्ता. वेग आणि प्रकार आयताला जोडलेल्या गुणधर्मात. एलडीटीकेमध्ये जे आवडलं होतं त्याचं काम इथे आयत करतो. एका पहारेकऱ्याला चार बाइट, स्क्रीनला जास्तीत जास्त तीन पहारेकरी, सगळे मिळून २८८ बाइट.

रविवार, २८ जुलै

दिवसभर पाऊस, घराबाहेर पडायचं काम नव्हतं. नकाशा आवळायला घेतला.

आधीचा बेत असा होता की टाइल सोळाच ठेवायच्या आणि एका बाइटमध्ये दोन कोंबायच्या. ३८४० चे थेट १९२०. पण रिकाम्या चार आणि वळवलेल्या तीन आल्यापासून सोळात भागत नाही.

एइनार साउकास यांचं झेडएक्स० वापरून पाहिलं. ते पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधून डेटा आवळतं, आणि स्पेक्ट्रमवर तो उलगडायची सगळ्यात लहान रुटीन ६८ बाइटची आहे. एका बाइटमध्ये दोन टाइल कोंबून मग आवळलं, आणि न कोंबता सरळ आवळलं. दोन्ही ताडून पाहिले. न कोंबलेलाच लहान झाला, १९२० च्या बराच खाली. कोंबल्यावर ‘दगड, दगड, वीट, दगड’ ही ओळ एका घराने सरकली तरी तिचे बाइट पूर्ण बदलतात, मग सारखेपणा सापडणार कुठून? सोळाची मर्यादा गेली. आता टाइल ३२, त्यांचे ११५२ बाइट.

दुसरा प्रश्न तुकड्यांचा. प्रत्येक स्क्रीन वेगळी आवळली तर सारखेपणा कमी सापडतो. सगळा नकाशा एकत्र आवळला तर उलगडायला एकदम ३८४० बाइट मोकळे लागतात. उत्तर किल्ल्यानेच दिलं. नकाशाच्या चार रांगा म्हणजे बालेकिल्ला, माची, तटबंदी, तळघरं. एका रांगेत सहा स्क्रीन, ९६० बाइट. हेर एका पातळीवरून दुसरीवर गेला की ती रांग उलगडायची. तिथे क्षणभर थांबणं शोभूनही दिसतं; दोर लावून चढायला वेळ लागतोच.

शनिवार, १० ऑगस्ट

टाइल्डमध्ये सेव्ह केलं की पुढचं सगळं आपोआप होतं: स्क्रिप्ट तपासते आणि तुकडे पाडते, झेडएक्स० आवळतं, एसजेएएसएमप्लस हा असेंब्लर जुळणी करून स्नॅपशॉट फाइल बनवतं, आणि फ्यूज हा इम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) थेट त्याच स्क्रीनवर उघडतो जिच्यात मी काम करत होते. हे शेवटचं फार महत्त्वाचं निघालं. आधी प्रत्येक वेळी पहिल्या स्क्रीनपासून चालत यावं लागे, त्यामुळे लांबच्या स्क्रीन तपासायचा कंटाळा यायचा. अकरावी स्क्रीन पहिलीपेक्षा ओबडधोबड राहिली होती ती त्यामुळेच.

स्क्रिप्टच्या तपासण्या आता पाच. उलटवलेली टाइल, संचाबाहेरचा आकडा, स्क्रीनची सीमा ओलांडणारा गस्तीचा आयत, दोन स्क्रीनच्या सांध्यावर एकीकडे वाट आणि दुसरीकडे भिंत, आणि टाइलच्या चित्रात एखाद्या ८ × ८ चौकटीत तिसरा रंग, किंवा इंक झगझगीत आणि पेपर मंद. झगझगीतपणाचा बिट चौकटीला एकच असतो, दोन्ही रंगांना मिळून. सांध्याची तपासणी लिहिल्याच्या दिवशीच तिला चौदाव्या स्क्रीनमध्ये एक बंद वाट सापडली.

सतरा स्क्रीन पूर्ण.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. काका दुपारी आले, भाचीही होती. खेळ मोठ्या स्क्रीनवर लावला.

काकांचा हात पटकन बसला. क्यू, ए, ओ, पी या कळा मी त्यांच्यासाठीच ठेवल्या होत्या. त्यांची बोटं आपोआप तिथे गेली. तटबंदीची पहिली मशाल आली. हेर पिवळा झाला, पहारेकरी वळला.

“हा रंग इथे कसा आणलास? चौकटीला दोनच असतात ना?”

“दोनच आहेत काका. रिकाम्या जागेची इंक पिवळी ठेवली आहे.”

ते काही बोलले नाहीत. हेराला उजेडातून अंधारात नेलं, पुन्हा उजेडात आणलं. मी ७ जुलैला केलं होतं तसंच. मग म्हणाले, “माझ्या मांजराला असं अंगणातून घरात येताना दाखवता आलं असतं.”

भाचीने टाइल्ड उघडून त्यांना शाईचा थर दाखवला. दोघांनी मिळून वहीतलं मांजर तिसाव्या टाइलमध्ये घातलं, बेरजा वहीतल्याच. १६ × १६ च्या टाइलमध्ये ८ × ८ चं मांजर एका कोपऱ्यात बसतं, म्हणून बाकीच्या तीन चौकटींत भाचीने पायरी काढली. आता ते अठराव्या स्क्रीनमध्ये धान्यकोठाराच्या दारात, मशालीखाली बसलं आहे.

राहिलेलं काम: एकोणिसावी ते चोविसावी स्क्रीन. विसाव्या स्क्रीनमधला पिवळा उजेड एक रकाना कमी करायचा, सध्या तिथून सुटायला जागाच नाही. मांजराच्या शेपटीचा तिसरा बाइट काकांना विचारून पुन्हा तपासायचा; वहीत दोन बेरजा खोडल्या आहेत आणि आम्ही बहुतेक पहिली घेतली.